पोलीस ठाण्याची पायरी



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण आपल्याकडे फार जुनी आहे. पोलीस ठाण्याच्या पायरीबद्दल मात्र निराळी म्हण कुणी केलेली नाही. बहुधा तिची गरजच वाटली नसावी! जाण्याची वेळ आलीच, तर आपण तिथे एकटे जात नाही. बरोबर कुणीतरी ‘ओळखीचा’ घेतो. गावचा पोलीसपाटील, एखादा नगरसेवक, पक्षाचा कार्यकर्ता, आणि यांतले कुणीच मिळाले नाही तर निदान ज्याचा मेव्हणा हवालदार आहे असा शेजारी. आमच्या वसईत अर्नाळ्याचा कोळी असो, निर्मळचा बागायतदार असो, की नालासोपाऱ्याच्या चाळीत परवाच राहायला आलेला कामगार असो, या बाबतीत सर्वांची रीत एकच. पोस्टात पत्र टाकायला जाताना आपण ओळख शोधत नाही. ठाण्यात फिर्याद द्यायला जाताना शोधतो. पोस्टात तिकीट लावले की पत्र जाते, ते नियमाने जाते, हे आपल्याला ठाऊक असते. ठाण्यात आपली गोष्ट कागदावर उतरेल की नाही, हे नियमावर नव्हे, समोर बसलेल्या माणसावर अवलंबून आहे, अशी आपली पक्की समजूत झालेली आहे.

ही समजूत कितपत खरी, आणि ती बदलायची तर आपले म्हणणे कुणी कधी विचारले आहे काय, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

मी वसईच्या एका महाविद्यालयात शिकवतो. आमच्या मुलांना मी एकदा विचारले, की तुमचा मोबाइल चोरीला गेला तर तुम्ही काय कराल? बहुतेकांचे उत्तर ठरलेले: “बाबांना सांगू, मग बाबा कुणाला तरी फोन करतील.” ‘ठाण्यात जाऊ’ असे पहिल्या झटक्यात म्हणणारा एखाददुसराच निघाला. मुलींत तर कुणीच नाही. आणि या मुली काही भित्र्या नव्हेत बरं का. पहाटेच्या गाडीने विरारहून चर्चगेटला जाऊन येणाऱ्या मुली आहेत त्या.

आता एक प्रकरण सांगतो. ते वर्तमानपत्रांतून आपण सर्वांनी वाचलेले आहे. नावे मी घेत नाही. त्या घराचे दुःख पुरेसे जगजाहीर झाले आहे. वसईची एक तरुणी होती. तिने २३ नोव्हेंबर २०२० रोजी नालासोपाऱ्याच्या तुळींज पोलीस ठाण्यात एक पत्र दिले. ज्याच्याबरोबर ती राहत होती, तो आपल्याला मारतो आणि ठार मारून तुकडे करण्याची धमकी देतो, असे तिने त्यात स्वच्छ लिहिले होते. पोलिसांनी मागाहून सांगितले, की आम्ही चौकशी सुरू केली होती. परंतु पुढे तिनेच आपली तक्रार राहिली नसल्याचे लिहून दिले, आणि प्रकरण मिटले. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला, आणि पत्रात लिहिले होते तसेच तिच्या देहाचे झाले. त्याच तरुणावर २०२३ साली दिल्लीच्या न्यायालयाने खुनाचा आरोप निश्चित केला. तिचे ते जुने पत्र नोव्हेंबर २०२२ मध्ये उजेडात आले, तेव्हा गृहखाते सांभाळणारे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याची चौकशी करण्याचे जाहीर केले.

कुणा एका हवालदाराला दोषी ठरवावे म्हणून मी हे सांगत नाही. ते काम माझे नव्हे. मला दिसते ती त्या दोन कागदांमधली जागा. पहिला कागद तक्रारीचा, दुसरा माघारीचा. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला. लग्न न करता पतिपत्नीसारखे राहणाऱ्यांनाही तो लागू आहे. अशी तक्रार आली, की तुला न्यायालयाकडून संरक्षण मागता येते, संरक्षण अधिकारी नेमलेला आहे, वकील फुकट मिळू शकतो, हे त्या बाईला सांगणे त्या कायद्याने पोलिसांचे कर्तव्य ठरवले आहे. आता प्रश्न असा, की एखाद्या बाईला हे सांगितले गेले की नाही, याची नोंद कोणत्या वहीत सापडते? माघारीचा कागद घेताना बाई एकटी होती, की जिच्या भीतीने ती आली तीच व्यक्ती बाहेर बाकावर बसलेली होती, हे कोण लिहून ठेवतो? माघार आपखुशीने झाली की धाकाने, हे पाहण्यासाठी दुसऱ्या दिवशी कुणी तिच्या दारी जातो काय? उत्तरदायित्व हा शब्द फार मोठा आहे, सभांतून तो फार वापरला जातो. माझ्या मते त्याचा अर्थ एवढाच, की या प्रश्नांची उत्तरे एका वहीत असावीत आणि ती वही मागण्याचा अधिकार ठाण्याबाहेरच्या कुणाला तरी असावा.

आणि याचे सगळे खापर पोलिसांवर फोडणे बरोबर होणार नाही. ‘आपसात मिटवा’ हे वाक्य ठाण्यात जन्मले नाही, ते आपल्या ओट्यावर जन्मले आहे. १५ ऑगस्ट २००७ पासून आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे भांडण, वाटणीचे भांडण, शेजाऱ्याच्या गोठ्याचे भांडण गावातच मिटावे, हा हेतू उत्तमच होता, आणि पुष्कळ गावांना तिचा लाभ झाला. पण बाईला होणारी मारहाण हे ‘घरगुती भांडण’ समजून बांधाच्या रांगेत बसवण्याची आपली खोड तिच्या आधीची आहे आणि अजून गेलेली नाही. ठाणे अंमलदार तरी कुठून आलेला असतो? आपल्याच गावातून ना!

पोलीस सुधारणेची चर्चा आपल्या देशात नवी नाही. १८५७ नंतर इंग्रजांनी १८६१ साली पोलिसांचा कायदा केला, तो रयतेला जरबेत ठेवण्यासाठी. आपल्याकडे मुंबई राज्याचा निराळा कायदा १९५१ साली झाला; आज त्यालाच महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. पुढे १९७७ ते १९८१ या काळात धरम वीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने आठ अहवाल लिहिले. ते कपाटात गेले. शेवटी १९९६ साली प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस महासंचालकांनी आणखी काहींच्या सोबतीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ रोजी, न्यायालयाने सात निर्देश दिले. पोलिसांना राजकीय दडपणातून सोडवा, अशी मागणी घेऊन एक पोलीसच न्यायालयात जातो, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

सातही निर्देश सांगत बसलो तर आकाशवाणीची वेळ संपेल. तुमच्या-माझ्या जवळचे दोन सांगतो. एक असा, की ठाण्याच्या प्रमुखाला निदान दोन वर्षे एका जागी राहू द्यावे; कुणा पुढाऱ्याची मर्जी फिरली म्हणून त्याची बिऱ्हाडाची बोचकी बांधायला लावू नये. दुसरा असा, की पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकण्यासाठी पोलिसांहून वेगळे असे प्राधिकरण राज्यात असावे आणि प्रत्येक जिल्ह्यातही असावे.

महाराष्ट्राने काय केले? फेब्रुवारी २०१४ मध्ये आधी अध्यादेश निघाला, मागून त्याचा कायदा झाला. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आले. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, खंडणी, जमीन बळकावणे, अशा तक्रारी तिथे नेता येतात. निवृत्त न्यायमूर्ती अध्यक्ष, आणि सभासदांत एक नामवंत नागरिकही असतो. हे सारे चांगलेच आहे. पण नेमणूक करते शासनच. आणि ‘जिल्हा’ या शब्दाच्या जागी कायद्यात ‘विभाग’ हा शब्द बसला. आपला कोकण विभाग म्हणजे सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंत मुंबईसकट सात जिल्हे. मोखाड्याच्या पाड्यावरच्या वारली माणसाला तालुक्याच्या ठाण्याविरुद्ध गाऱ्हाणे सांगायचे झाले, तर त्याच्या जिल्ह्यात या कायद्याने त्याला दार ठेवलेले नाही.

त्या कायद्याचा मसुदा आपल्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागल्याचे आपल्यापैकी कुणाला आठवते काय? शाळेच्या पटांगणात सभा भरली, गृहखात्याचा अधिकारी आला आणि “यावर तुमचं काय म्हणणं?” असे त्याने विचारले, असे कुणाला आठवते? योगायोग पाहा. त्याच फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्र शासनाने आपल्या सर्व खात्यांना सांगितले, की कोणत्याही नव्या कायद्याचा मसुदा निदान ३० दिवस लोकांपुढे ठेवा आणि त्यांची मते मागवा. ते बंधन राज्यांना नव्हते. पण मोखाड्याला विचारले असते, तर पहिल्याच बैठकीत कुणीतरी एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी यांची बेरीज करून दाखवली असती, आणि कदाचित ‘जिल्हा’ हा शब्द कायद्यात राहिला असता.

आता कुणी म्हणेल, “प्राध्यापक, कायद्यातलं लोकांना काय कळतं?” हा आक्षेप ऐकून मला नेहमी एका पत्राची आठवण होते. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, त्या वेळच्या चांदा जिल्ह्यात, मथुरा या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले; मुलीने आरडाओरडा केला नाही, अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती असावी, असा निकालाचा रोख होता. तेव्हा १९७९ साली कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, आणि आपल्यातले वसुधा धगमवार व रघुनाथ केळकर. त्यांच्या हाती ना सत्ता ना खाते. पण त्या पत्राने देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलिसाच्या ताब्यात असलेल्या स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले, तर न्यायालयाने तिथून पुढे तसेच धरून चालावे, असे ठरले. शिक्षक मंडळींना हे मुद्दाम सांगतो आहे.

ते पत्र शिकलेल्यांचे होते, हे खरे. म्हणून आता आपल्या शेजारच्या भिवंडीला चला. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे यंत्रमागांचे गाव होरपळून निघाले होते. १९८८ च्या सुमारास तिथे पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले. त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यात समित्या नेमल्या. तिथे केवळ प्रतिष्ठित पुढारी बसवले नाहीत; दोन्ही समाजांतली साधी, कामाधंद्याची माणसे बसवली आणि पोलिसांना त्यांच्या बैठकीला नियमाने पाठवले. भांडण नसतानाही बैठक व्हायची, हे त्यातले मर्म. नळाचे पाणी, गटार, कुणाच्या पोराचे काय, असले बोलणे चाले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. ज्या पोलिसाला आपण नावाने ओळखतो तो आपल्यावर विनाकारण काठी उगारत नाही, आणि जो आपल्याला ओळखतो त्याच्यावर आपण दगड टाकत नाही. इतके ते सोपे होते. मात्र ती सगळी व्यवस्था एका अधिकाऱ्याच्या कळकळीवर उभी होती, कायद्यावर नव्हे, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

कायद्याने विचारण्याचा नमुना पाहायचा तर फार दूर, उत्तर आयर्लंडात जावे लागते. तिथे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यात तीस वर्षे रक्तपात चालला होता, आणि पोलीस आपले नव्हेत, दुसऱ्या बाजूचे आहेत, असे कॅथलिकांना वाटे. १९९८ च्या समझोत्यानंतर ख्रिस पॅटन यांच्या अध्यक्षतेखाली पोलिसांविषयी आयोग नेमला गेला. आयोगाने राजधानीत बसून साक्षी घेतल्या नाहीत. प्रत्येक स्थानिक कौन्सिलच्या हद्दीत, नाट्यगृहांतून आणि शाळांतून, उघड सभा घेतल्या. दहा हजारांवर माणसे आली आणि हजाराहून अधिक बोलली. कित्येक सभांत लोक रडले, भांडले, एकमेकांवर ओरडले. १९९९ साली अहवाल आला, आणि २००१ मध्ये पोलीस दलाचे नावसुद्धा बदलले. तिथे आज पोलिसांविरुद्धची तक्रार पोलीस तपासत नाहीत. स्वतःचे तपासनीस असलेले वेगळे कार्यालय तपासते. सगळे गोडीगुलाबीने झाले असे नाही, जुने पोलीस आणि त्यांची कुटुंबे फार दुखावली. पण आम्हाला विचारलेच नाही, असे कुणाला म्हणता आले नाही.

विचारायचे म्हणजे पोलिसालाही विचारले पाहिजे, हे आपण विसरतो. बारा-बारा तास उभा राहिलेला शिपाई, त्यात गणपतीचा बंदोबस्त, त्यात निवडणूक, आणि रात्री अकरा वाजता तुम्ही फिर्याद घेऊन जाता. त्याच्या कपाळावर आठी दिसली तर नवल काय? मुंबईत २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. त्याची मूळ कल्पना त्याच ठाण्यातल्या एका शिपायाने आकडेमोड करून मांडली होती. आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती ऐकून घेतली, आणि पुढे मुंबईतल्या इतर ठाण्यांतही ती नेली. नामांकित आयोगांना जे सुचवून करून घेता आले नाही, ते एका शिपायाला साधले, कारण कुणीतरी त्याला विचारले.

आता उद्या आपल्याला विचारले, तर आपण काय सांगणार? ‘पोलिसांनी चांगले वागावे’ हे सांगणे म्हणजे काहीच न सांगणे. मी तर त्या माघारीच्या कागदापासून सुरुवात करीन. मारहाणीची किंवा धमकीची तक्रार मागे घेतली जात असेल, तर तो कागद त्याच दिवशी घेऊ नये. महिला अधिकाऱ्याने बाईशी एकांतात बोलावे, तिच्या विश्वासाचे माणूस जवळ असावे, आणि कागदाची एक प्रत संरक्षण अधिकाऱ्याकडे जावी. याला पैसा लागत नाही, नवा आयोग लागत नाही. एक परिपत्रक पुरे. नंतर जिल्ह्याच्या दाराचे मागेन. वारली, काथोडी बोलणाऱ्या माणसाची जबानी त्याच्या बोलीत ऐकणारा कुणी ठाण्यात असावा, हेही.

विचारले जाईपर्यंत हाताशी काय आहे, तेही थोडक्यात सांगतो. दखलपात्र गुन्ह्याची खबर दिली, तर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच सांगितले आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्याप्रमाणे ‘ही आमची हद्द नव्हे’ म्हणून कुणालाही परत पाठवता येत नाही. कोणत्याही ठाण्याने खबर घ्यावी. मात्र तीन वर्षे ते सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवस आधी चौकशी करण्याची मुभा पोलिसांना दिलेली आहे, ती लक्षात असू द्या. खबरीची प्रत फुकट मिळते. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचे असते. ठाण्याने नकार दिला, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवावे, आणि तिथेही ऐकले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावे. इथे आपल्या जिल्ह्याची एक गंमत आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून वसई-विरार आणि मीरा-भाईंदर मिळून पोलीस आयुक्तालय झाले. डहाणू, तलासरी, जव्हार, वाडा वगैरे भाग पालघरच्या अधीक्षकांकडे राहिला. तेव्हा वसईकराने आयुक्तालयाकडे लिहावे, डहाणूकराने अधीक्षकांकडे. तुळींजला ते पत्र पडले तेव्हा हे आयुक्तालय दोन महिन्यांचेही झाले नव्हते.

आणखी एक. प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे असावेत, त्यांचे चित्रण जपून ठेवावे, आणि त्यावर जिल्ह्याच्या समितीची देखरेख असावी, असे न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये फर्मावले. त्या समितीत ग्रामीण भागासाठी जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांना जागा दिलेली आहे. म्हणजे आपल्या मतावर निवडून येणारे एक माणूस तिथे बसू शकते. ग्रामसभेत हा विषय लेखी अर्जाने घालता येतो: समितीची बैठक शेवटची कधी झाली, आपल्या ठाण्यातले कॅमेरे चालू आहेत काय, एवढेच दोन प्रश्न विचारायचे.

शिक्षक बंधुभगिनींकडे माझे एक मागणे आहे. शाळेत आपण पत्रलेखन शिकवतो. नळाला पाणी नाही म्हणून पालिकेला, एस.टी. वेळेवर येत नाही म्हणून आगारप्रमुखांना, पुस्तके हवीत म्हणून दुकानदाराला. नववीच्या वर्गात एक पत्र पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लिहायला सांगा. विषय कोणताही घ्या. सायकल चोरीला गेली, रस्त्यावर कुणी छेड काढतो, शेजारच्या घरातून रोज मारहाणीचा आवाज येतो. काय घडले, कुठे, कोणत्या तारखेला, किती वाजता, कुणी पाहिले, हे सुटसुटीत लिहायचे. विशेषणे कमी, तपशील जास्त. खाली नाव, पत्ता, सही. पत्राच्या दोन प्रती करायच्या. एक ठाण्यात द्यायची, आणि दुसरीवर पोच घ्यायची: शिक्का, तारीख, आणि ज्याने पत्र घेतले त्याची सही.